इष्टांक शिल्लक नाही

रेशन कार्ड असणं वेगळं आणि रेशन मिळणं वेगळं. गावात असताना हे कधी लक्षात यायचं कारण नव्हतं. कार्ड सासऱ्यांच्या नावावर होतं, महिन्याला कुणीतरी पिशव्या घेऊन कंट्रोलला जायचं आणि गहू-तांदूळ घरात यायचे. आत युनिट किती, कार्ड कुठल्या योजनेतलं, याच्याशी सुनांचा संबंध नसायचा.

2023 च्या जूनमध्ये मी दोन मुलांना घेऊन पुण्याला भावाकडे आले. आदल्या वर्षी मालक वारले. गाव हिंगोली जिल्ह्यात, शेती दोन भावांत मिळून अडीच एकर कोरडवाहू. तिथे राहून माझं आणि पोरांचं भागणार नव्हतं. इथे दादाच्या खोलीलगत पत्र्याची छोटी पडवी होती, तिथे माझी शेगडी मांडली आणि दोन घरच्या पोळ्या-भाजीचं काम धरलं. एका घरचे 2500, दुसऱ्या घरचे 2000. मुलगी तेव्हा दुसरीत, मुलगा अडीच वर्षांचा.

दादा म्हणाला, आता गावचं रेशन कुठेही घेता येतं, आपल्या इथल्या दुकानात विचार. खरंच होतं ते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ 2019 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होतीच. दुकानदाराने आधार नंबर टाकला, मी थंब लावला, मशीनने माझं नाव दाखवलं. मी खूश. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. या महिन्याचं धान्य उचललेलं, शिल्लक शून्य. पुढच्या महिन्यात पहिल्याच आठवड्यात गेले, तरी शून्य. गावाकडे भाऊजी दुकान उघडलं की सगळ्यांचं धान्य उचलत होते. त्यात माझं आणि दोन पोरांचं मिळून पंधरा किलो होतं.

फोनवर जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलं, “तुमची नावं काढली की आमचं पंधरा किलो कमी होतंय की हो. इथं म्हातारी माणसं आहेत.” त्यांचंही चूक नव्हतं. मामा-मामी, म्हणजे सासू-सासरे, त्यांच्याच ताटात जेवत होते. म्हणून भांडण केलं नाही, पण पोरांच्या वाट्याचं सोडणारही नव्हते. दिवाळीत गावी गेले तेव्हा मामांना एकटं गाठून विचारलं. मामांनी काही न बोलता नाव कमी करायच्या नमुना 9 वर सही केली. तहसीलच्या पुरवठा शाखेतून नावं कमी केल्याचा दाखला मात्र लगेच मिळाला नाही, तो संक्रांतीनंतर कुणाबरोबर तरी पाठवला गेला.

आता त्या कागदाची गंमत बघा. गावचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं होतं, म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला माणशी पाच किलो धान्य. तिथून माझं नाव निघालं की तो हक्क माझ्याबरोबर पुण्याला येईल असं कुणालाही वाटेल. तो येत नाही. दाखल्यावर फक्त एवढंच लिहिलेलं असतं की ही नावं आता इथे नाहीत. पुण्यात तुम्ही नव्याने रांगेत उभे.

नवं कार्ड काढताना सगळ्यात जास्त अडलं ते पत्त्याच्या पुराव्यावर. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. तो देईना. “उद्या खोलीवर हक्क सांगाल,” म्हणाला. भाडेकराराचं तर नावच नको. शेवटी दादाचं गॅसचं पुस्तक आणि त्याचं संमतीपत्र जोडलं. त्यावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “एकाच पत्त्यावर दोन कार्डं कशी? चूल वेगळी आहे का?” मी म्हटलं, आहे. “कशावरून?” फोनमध्ये पडवीतल्या शेगडीचा फोटो होता, मुलीने काढलेला, मागे पोळ्यांचा डबा आणि पिठाचं भांडं. तो दाखवला. बाई हसल्या आणि अर्ज घेतला. नियमात बसतो की नाही कोण जाणे, पण वेगळ्या चुलीचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नव्हता.

उत्पन्नाचा दाखला हा दुसरा अडसर. पोळ्या करणाऱ्या बाईला पगाराची पावती कोण देणार? एका काकूंना विचारलं, दोन ओळी लिहून देता का, तर त्या घाबरल्या. “पुढे आम्हाला काही लागणार नाही ना गं?” दुसऱ्या घरचे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी लिहून दिलं आणि वर एक गोष्ट शिकवली जी मला या सगळ्यात सर्वात जास्त उपयोगी पडली. कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही. पोच असली की पुढच्या वेळी बोलायला आधार असतो. दाखला झाला वर्षाच्या 54 हजारांचा.

केशरी कार्ड हातात आलं ते 2024 च्या जुलैत. ‘लाडकी बहीण’ तेव्हाच जाहीर झाली होती आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट होती, त्यामुळे केशरी कार्डाला एकदम भाव आला. कार्यालयाबाहेर झेरॉक्सवाल्याकडे पहाटेपासून बायका. मी आनंदाने कार्ड घेऊन रेशन दुकानात गेले. दुकानदाराने नंबर टाकला आणि म्हणाला, “ताई, तुमचं एनपीएच आहे. धान्य नाही यावर.”

एनपीएच म्हणजे प्राधान्य नसलेलं कुटुंब. कार्डाचा रंग आणि धान्य या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे काउंटरवर कळलं. पिवळं, केशरी, पांढरं हे रंग फार जुन्या हिशोबाचे: वर्षाला 15 हजारांपर्यंत पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. धान्य मिळतं ते 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली, आणि राज्यात तो 2014 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. त्यात दोनच गट: अंत्योदय, ज्यांना कार्डामागे 35 किलो, आणि प्राधान्य कुटुंब, ज्यांना माणशी 5 किलो. प्राधान्यात यायला शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं, खेड्यात 44 हजारांच्या. तेवढ्याने भागत नाही. तुमच्या कार्डावर प्राधान्याचा शिक्का पडायला यादीत जागा असावी लागते. त्या जागेला कार्यालयात इष्टांक म्हणतात.

इष्टांक हा शब्द मी एवढ्या वेळा ऐकला की आता झोपेतही म्हणेन. “इष्टांक संपलाय.” “इष्टांक आला की बघू.” “तुमच्यासारखे हजार अर्ज पडलेत, इष्टांक कुठून आणू?” भानगड अशी की राज्यात किती जणांना धान्य द्यायचं याची संख्या 2011 च्या जनगणनेवरून ठरलेली आहे, सुमारे सात कोटी. खेड्यातले 76.32 टक्के आणि शहरातले 45.34 टक्के लोक यात बसवायचे. नवी जनगणना झाली नाही, त्यामुळे तो आकडा तिथेच. मधल्या काळात माझ्यासारखी किती माणसं गाव सोडून शहरात आली! ती खेड्याच्या टक्क्यातून उठली, शहराच्या टक्क्यात बसली नाहीत. म्हणजे माझी पाळी यायची तर आधी कुणाचं तरी नाव जायला हवं. कुणी वारलं, कुणी लग्न होऊन गेलं, कुणी आपणहून सोडलं, तरच. दुसऱ्याच्या मरणावर आपला भात शिजायचा, असं माझी वहिनी म्हणाली. ती फटकळच आहे.

या काळात दलाल भेटला नसता तरच नवल. झेरॉक्सच्या दुकानातच बसायचा. “ताई, चार हजार द्या, आठवड्यात प्राधान्यात टाकतो.” चार हजार म्हणजे माझा जवळजवळ महिन्याचा पगार, त्यामुळे मोह पडायचा प्रश्नच आला नाही. पण माझ्या गल्लीतल्या दोघींनी दिले. एकीचं काम झालं, एकीचं नाही. जिचं झालं ती आजही मला वेडी समजते.

मी काय केलं, तर प्राधान्य कुटुंब योजनेत समावेशाचा लेखी अर्ज दिला, सोबत 54 हजारांचा दाखला, मालकांचा मृत्यू दाखला, मुलांची आधार कार्डं. पोच घेतली. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने जाऊन तीच पोच दाखवायची. एकदा रेशनच्या 1967 या हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार नोंदवली, तिचा नंबर त्याच कागदावर लिहून ठेवला. साहेब बदलले की नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कधी सर्व्हर डाऊन, कधी लॉगिन होईना, कधी ज्यांच्याकडे फाइल ते निवडणुकीच्या कामाला.

कार्यालयातल्या खेपा चालू असताना शेजारच्या अंगणवाडीने मला एकदाही कार्ड विचारलं नाही. पुण्यात आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सेविकाताई गल्लीत सर्वे करायला आल्या होत्या. मुलाचं वय विचारलं, आधार नंबर घेतला, गावच्या अंगणवाडीतून पोषण ट्रॅकर या त्यांच्या सरकारी ॲपवर नाव इकडे घेतलं आणि वजन करायला बोलावलं. वजन-उंची बघून म्हणाल्या, बाळ मॅममध्ये आहे, म्हणजे मध्यम कुपोषित. मला लाज वाटली. दुसऱ्यांच्या घरी रोज तुपाच्या पोळ्या लाटते आणि माझं पोर कुपोषित. ताई म्हणाल्या, “लाज कसली? इथे निम्मी मुलं अशीच येतात. रोज पाठवा.” तीन वर्षांचा होईपर्यंत त्याला घरी न्यायचा पाकिटबंद आहार मिळायचा, टीएचआर. तो त्याला फारसा आवडायचा नाही. मी तो गुळाच्या पाण्यात कालवून भाजून त्याच्या वड्या करायचे, मग खायचा. तिसरं लागल्यावर केंद्रात बसून गरम जेवण: खिचडी, मटकीची उसळ, कधी लापशी. सरकारच्या हिशोबात या एका मुलाच्या एका दिवसाच्या आहाराला आठ रुपये धरलेले होते आणि त्यातून ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं यायला हवीत. मी स्वयंपाकाची बाई आहे. आठ रुपयांत काय होतं ते मला सांगायला नको. तरीही म्हणेन, पहिल्या वर्षात माझ्या पोराला सरकारकडून जे काही पोटात गेलं ते त्या खोलीतून गेलं. कारण तिथे यादीत बसतो का हे बघत नाहीत, मूल सहा वर्षांच्या आतलं आहे का एवढंच बघतात.

मुलीच्या शाळेतही तसंच. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्यांना केळं. ती त्या दिवशी शाळा बुडवायची नाही. 2025 च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे देणं थांबवलं. लोकवर्गणीतून करा म्हणाले. आमच्या वस्तीत वर्गणी गणपतीची जमते.

नणंद जालना जिल्ह्यात असते. तिच्याकडे वेगळाच प्रकार. मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्तात धान्य मिळायचं, 2023 पासून त्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यावर, पुढे 170. तिला विचारलं, काय बरं? ती म्हणाली, “धान्य बरं होतं वहिनी. पैसे कधी येतात ते कळत नाहीत, आणि आले की घरातला बाप्या माणूस काढून आणतो. गहू कुणी पाकिटात घालून नेत नाही.”

2025 च्या सुरुवातीला ई-केवायसीचा धडाका सुरू झाला. कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर येऊन आपण हयात आहोत हे दाखवायचं, नाही तर नाव बंद. मुदती वाढत गेल्या. पुष्कळ लोक चिडले, आणि चिडण्यासारखंच होतं, म्हाताऱ्यांना काखेत धरून रांगेत आणलेलं मी बघितलं आहे. पण मला खरं सांगायचं तर याच गाळणीतून जागा निघाल्या. उन्हाळ्यात कार्यालयातून फोन आला, तुमचं प्राधान्यात झालंय, तिघांची केवायसी करून घ्या.

त्यातही माझा अंगठा उठेना. कणीक, भांड्याची पावडर, गरम तवा यांनी बोटांच्या रेषा गेलेल्या. दुकानदार म्हणायचा, तेल लावा, पुसा, परत ठेवा. दहाही बोटं झाली. मग त्यानेच सांगितलं की फोनवर ‘मेरा ई-केवायसी’ घ्या, चेहऱ्यावरून होतं. दादाच्या फोनवर झालं, डोळे मिचकावायला सांगतं आणि हिरवी खूण येते. मुलीचं आधार ती तान्ही असताना काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात ते राहिलेले. त्यासाठी आधार केंद्रात वेगळा दिवस.

पहिलं धान्य आणलं तो महिना जुलैचा. नऊ किलो तांदूळ, सहा किलो गहू. पैसे शून्य. पूर्वी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळायचा, 2023 च्या जानेवारीपासून तोही फुकट. मशीनमधून निघालेली पावती मी मागून घेतली, दुकानदार सहसा देत नाही. तिच्यावर किती किलो उचलले ते छापलेलं असतं आणि मापात अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर बोलता येतं.

तांदूळ निवडायला सुपात घेतला तर त्यात मधेमधे वेगळे दाणे. जरा पिवळट, जाडसर, सगळे अगदी एकसारखे. धुताना काही वर तरंगले. शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, “टाक ते, प्लास्टिकचे असतात. मी वेचून कोंबड्यांना घालते.” अख्ख्या गल्लीत हेच चाललं होतं, बायका चष्मे लावून दाणे वेचत होत्या. मी चार दाणे कागदात बांधून सेविकाताईंकडे नेले. त्यांनी सांगितलं, हा पौष्टिक तांदूळ. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून तांदळासारखाच दाणा पाडतात आणि शंभर साध्या दाण्यांत एक मिसळतात. रक्त कमी असतं ना आपल्याकडच्या बायकांचं, त्यासाठी. म्हणजे सरकारने जे मुद्दाम घातलं तेवढंच वेचून आम्ही कोंबड्यांना घालत होतो. दुकानात याची एक पाटी लावली असती तर! मावशींना मी सांगितलं, त्यांना पटलं नाही. कोंबड्या मात्र तुकतुकीत आहेत त्यांच्या.

रेशनच्या गव्हाची पोळी थोडा वेळ गेला की चिवट होते. मी त्यात दोन किलो लोकवन मिसळून दळते. दळणाचे पैसे आपलेच. मधे एकदा गव्हाऐवजी ज्वारी आली, तेव्हा शहरातल्या बायका कुरकुरल्या. मला बरंच वाटलं, भाकरीला पोरांची तक्रार नाही आणि तूप-तेलही लागत नाही.

आता हिशोब. हेच पंधरा किलो किराणा दुकानातून घ्यायला मला सहाशेच्या आसपास लागायचे. ते सहाशे वाचतात. त्यात एक किलो तूरडाळ, अर्धा किलो शेंगदाणे, गूळ, आणि आठवड्याला पाच-सहा अंडी येतात. गहू-तांदळाने पोट भरतं. पण मुलाचं वजन वाढलं ते या वाचलेल्या सहाशेतून, असं माझं मत आहे. डाळ आणि तेल रेशनवर नियमित येत नाही. 2018 मध्ये काही काळ 35 रुपयांनी तूरडाळ मिळाली होती. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ निघाला. सणाला बरं वाटतं, पण पोरं काही सणालाच वाढत नाहीत. बारा महिने एक किलो डाळ माणशी नाही, कार्डामागे जरी दिली तरी अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावरचे पुष्कळ लाल ठिपके हिरवे होतील. हे मी सेविकाताईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, आम्ही दर मीटिंगला म्हणतो.

मुलगा मॅममधून बाहेर आला आहे. अंगणवाडीत आता मोबाइलवर त्याची हजेरी लागते, तेही कधी होतं, कधी नेट नसतं.

सध्या माझ्यापुढे एकच पेच आहे. समोरच्या सोसायटीतल्या एका बाईंनी विचारलंय, आमच्याकडेही येशील का, दोन वेळच्या पोळ्या, अडीच हजार. हे तिसरं घर धरलं की वर्षाचे 84 हजार होतात आणि 59 हजारांची रेषा ओलांडली जाते. रेषा 2013 साली आखलेली, तेव्हा डाळ काय भाव होती ते आठवून बघा. दादा म्हणतो, कोण बघायला येतंय. वहिनी म्हणते, एवढे दीड वर्ष जोडे झिजवलेस ते घालवू नकोस. मी आकडे मांडले: धान्य वर्षाचं सात हजार दोनशेचं, काम वर्षाचं तीस हजारांचं. एक तारखेपासून जाते म्हणून त्यांना सांगून आले आहे. पुढचा दाखला काढायची वेळ येईल तेव्हा त्यावर खरा आकडा लिहीन. तोवर सरकारने रेषा हलवली तर ठीक, नाही तर इष्टांक एक रिकामा होईल आणि खिडकीपाशी पोच घेऊन उभी असलेली कुणीतरी आत जाईल.